सात पानांचा गुलाब

नवस बोलायला देऊळच लागतं, असं कुणी सांगितलं? गौतमीने आजवर पुष्कळ व्रतं केली. सोळा सोमवार केले, मार्गशीर्षातले गुरुवार केले, संकष्टीला चंद्र ढगात अडकला तर तशीच उपाशी झोपली. पण तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा नवस ती घोटावड्याला बोलली. एका मोडक्या न्हाणीमागच्या चिखलात उभी राहून, हातात झाडं छाटायची कात्री धरून. आणि तो कुठल्याही देवाला बोललेला नव्हता.

समईची वात जरा पुढे सारा, म्हणजे नीट सांगता येईल. घाबरायचं कारण नाही, गोष्ट मायेची आहे. फक्त वेणी पाठीवर सोडली असेल तर पुढे घेऊन बसा.

अडीच वर्षांपूर्वी, दसरा झाला आणि गौतमी नि तिचा नवरा मनीष रंभाबाईंच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आले. माणसं वाशीमकडची. मनीषची कंपनी हिंजवडीला, घोटावड्याहून गाडीवर जाऊन-येऊन करायला बरं पडायचं. रंभाबाई घरमालकीण. पंचाहत्तरी उलटलेली, अंगाने काटकुळी, केसाने पांढरीशुभ्र, जिभेने तिखट. मुलगा विलास, त्याचा संसार पुढच्या घरात.

आल्यापासूनचा पहिला शुक्रवार. देवीला फूल हवं होतं आणि फुलवाला काही या वस्तीवर येत नव्हता. आसपास कुठे जास्वंद-तगर मिळेल म्हणून गौतमी परडी घेऊन घराच्या मागे गेली. तिथे जुन्या घराची न्हाणी होती, म्हणजे नुसती जागा उरलेली. भिंती कधीच गेलेल्या, एक मोठा काळा दगड तेवढा शिल्लक, आणि घरातल्या मोरीचं पाणी अजून तिथेच येऊन मुरत होतं.

आधी वास आला. गुलाबाचाच, पण बाजारातल्या लालभडक गुलाबांना कुठे वास असतो? हा वेगळा होता. ओल्या मातीवर गुलकंदाची बरणी लवंडावी तसा दाट. आणि त्याच्या तळाशी, अगदी पुसट, खोबरेल तेलाचा.

दगडामागे झुडूप होतं. माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेलं, जटा वाढलेल्या जोग्यासारखं. बारीक दाट काटे. गौतमीने चहूबाजूंनी फिरून पाहिलं, फांद्या वाकवून पाहिल्या. झाडावर एकही फूल नव्हतं. कळीसुद्धा नव्हती.

"आजी, मागे गुलाब कुठला आहे हो?" तिने परत येऊन विचारलं.

"अक्काचा."

"तसं नाही, जात कुठली?"

रंभाबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबवून त्यांनी वर पाहिलं. "घ्या! आजपत्तुर मानसांची जात इचारत व्हते, आता झाडाचीबी इचाराया लागले. अगं, जात कुनाला ठावं? लई जणांनी बघितला. कोन म्हनतं गावठी, कोन म्हनतं अत्तराचा. अक्काचा हाय येवढं खरं."

मग तांदूळ निवडता निवडता त्यांनी सांगितलं. अक्का म्हणजे त्यांची थोरली जाऊ, गंगूबाई. चौदाव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं. पुढची सगळी हयात या घरात राबण्यात आणि या एका झाडात गेली. काडी तिच्या आईने दिलेली. आईचं गाव मुळशीच्या धरणात गेलं, तेव्हा लोकांनी भांडी आणली, गुरं आणली, देवाचे टाक आणले. त्या बाईने ओल्या फडक्यात गुंडाळून गुलाबाची काडी आणली.

"गावातली येक नवरी सुटली न्हाई," रंभाबाई म्हणाल्या. "परत्येकीच्या डोईत अक्काचं फूल. उजव्या अंगठ्याचं पेर इळ्यानं गेल्यालं, तरी कळीला कळू न देता खुडायची. आन माळायची कशी ठावं हाय? मागनं यायची गुपचूप. हात कवा लागला ते ध्येनात यायचं न्हाई. वास आला की समजायचं, अक्कानं फूल खोवलं."

"आणि स्वतः?"

"इधवा बाई गं ती. तिला कोन माळू दील? येकदा म्याच म्हनलं, अक्का, घरात कोन न्हाई, लाव की येक. तर नुसतं 'च्च' केलं जिभेनं. बोलायची न्हाई फार. काय पटलं न्हाई की च्च." रंभाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "पोरी, तुझ्या ग्यालरीत चार कुंड्या बघितल्या म्या. तुला झाडाचं कळतंय. माझं येक काम कर. इलासनं मागची जागा इकली. सक्रांत झाली की जेशीबी येनार. त्याच्या आदी ह्या झाडाचं येक पोर करून दे मला. म्या तीन डाव काड्या लावल्या, येकबी जगली न्हाई. अक्का जाताना म्हनली व्हती, रंभे, झाड मरू दिऊ नगं. शबूद दिलाय म्या तिला."

गौतमीला दुसऱ्याच्या शब्दाचं ओझं लगेच स्वतःच्या खांद्यावर घ्यायची सवय. ती म्हणाली, "देते आजी. माझ्याकडे लागलं."

आठवड्याने, शनिवारी, रंभाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे गेल्या. आठ दिवसांचा मुक्काम. गौतमीच्या मनात आलं, आजी नव्या डोळ्यांनी परत येतील तेव्हा झाड कसं न्हाऊन-माखून बसलेलं दिसायला हवं.

आता गुलाब लावणाऱ्या प्रत्येकाला एक नियम पाठ असतो. देठावर पाच पानं असली तर फांदी खऱ्या गुलाबाची. सात असली तर ती खालच्या जंगली खुंटाची. ती दिसताक्षणी बुडातून काढा, नाहीतर ती सगळा रस पिऊन गुलाब मारते. माहेरच्या नर्सरीवाल्याने हेच सांगितलेलं, मोबाइलवरच्या प्रत्येक व्हिडिओत हेच. आणि अक्काच्या झाडाला बुडातून नऊ फांद्या फुटलेल्या, हिरव्यागार, रसरशीत, सगळ्या सातपानी. पाच पानं होती ती फक्त जुन्या, करड्या, वाळकुड्या फांद्यांवर.

"बिचारा," गौतमी म्हणाली. "म्हणून फुलत नाहीये."

रविवारी, उन्हं कलल्यावर, ती कात्री घेऊन बसली. एक फांदी काढली. दुसरी काढली. तिसरीला कात्री लावली आणि मागून आवाज आला.

"च्च."

पाल चुकचुकली, तिला वाटलं. सवयीने जमिनीवर बोटं टेकवली आणि कात्री दाबली. चौथ्या फांदीला पुन्हा, "च्च… च्च…" आता अगदी कानामागे. तिने पाल शोधायला मान वळवली. पण पाल बसणार कशावर? न्हाणीला भिंतच नव्हती.

नऊच्या नऊ फांद्या काढून झाल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. तिने त्यांचे तुकडे करून पिशवीत भरले. सोमवारी सकाळी विलासने ती पिशवी कचऱ्याच्या गाडीत टाकली.

पुण्यात चंद्रकांत नावाचे एक गृहस्थ होते, पोस्टातून निवृत्त झालेले, गच्चीवर दीडशे गुलाब. बागवाल्या बायकांच्या ग्रुपवर सगळ्या त्यांनाच फोटो पाठवायच्या. गौतमीने छाटणीच्या आधीचे आणि नंतरचे फोटो पाठवले, झाडाची हकीकत लिहिली आणि विचारलं, काका, हा कुठला गुलाब? संध्याकाळी त्यांचा फोनच आला.

"ताई, सात पानं बघून छाटलंत ना?"

"हो काका. खुंटाचा फुटवा होता सगळा."

"तो नियम कलमाचा, ताई. खुंटावर डोळा बांधलेल्या झाडाचा. ही धरणाच्याही आधीची काडी म्हणताय, हिला कसला आलाय खुंट? स्वतःच्या मुळावर उभं आहे ते. त्याची नवी फांदी सातपानीच असते. खरा गुलाब तुम्ही काढलात आणि… जाऊ द्या. काड्या आहेत ना? लगेच लावून टाका, नऊतल्या दोन तरी धरतील."

गौतमी रस्त्याकडे बघत उभी राहिली. गाडी सकाळीच गेली होती.

पुढचे चार दिवस ती उठता-बसता झाडापाशी जात राहिली. उरलेल्या जुन्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली खाली येत होत्या. मनीष रोज गाडी लावून आधी झाडाकडे जायचा, मग तोंड धुवायचा.

"अगं, झाडच आहे शेवटी," तो गुरुवारी म्हणाला. "दुसरा गावठी गुलाब आणून लावू. आजींचं ताजं ऑपरेशन, त्यांना काय दिसणार?"

"दिसणार नाही. पण वास येईल ना त्यांना."

"मग खरं सांगून टाक."

"सांगणारच आहे रे. सांगून झाड परत येणार आहे का?"

शुक्रवारी तिने उपास धरला. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावला आणि हात जोडले, पण शब्द फुटेना. देवीचा काय संबंध? ज्या बाईचं झाड मारलं, मागायचं तर तिच्याकडेच मागायला हवं. ती उठली, कात्री घेतली, का घेतली ते तिलाही ठाऊक नाही, आणि न्हाणीमागे गेली. चिखलात पावलं रुतली. पश्चिमेला डोंगराच्या कडेला उजेडाची एक रेघ उरली होती. कारखान्याचा भोंगा होऊन गेला होता. एरवी या वेळेला रातकिडे कान किटवतात. त्या दिवशी एकही ओरडत नव्हता.

"अक्का," ती हळू म्हणाली. "मी गौतमी. चुकले. तुमचं झाड जगवा. मी नवस बोलते… याचं पहिलं फूल देवाला नाही वाहणार. तुम्हाला देईन. माळायला."

बोलून गेली आणि तिचंच अंग शहारलं. जन्मात तिने पहिलं फूल देवाखेरीज कुणाला दिलं नव्हतं.

मग वास आला. आधी गुलकंद, मग खोबरेल. जवळ. अगदी जवळ… आणि तिची वेणी पाठीवरून किंचित वर उचलली गेली. ओढली नाही. तळहातावर घेऊन कुणी तिचं वजन बघावं, तशी. गौतमीने मान वळवली नाही. श्वासही घेतला नाही. वेणी अलगद जागेवर आली, तेव्हा कुठे तिला कळलं की आपण रडतोय. भीतीने नव्हे. लहानपणी आई वेणी घालून झाली की अशीच एकदा हातात तोलून बघायची.

शनिवारी सकाळी मोरीच्या पाण्यापाशी, दगडाच्या सावलीत, चिखलात नऊ काड्या उभ्या होत्या.

वीतभर लांबीच्या, सारख्या अंतरावर, खालचा काप तिरका. प्रत्येकीच्या माथ्यावर शेणाची टोपी, कापल्या जागेतून ओल उडू नये म्हणून जुनी माणसं लावायची तशी. ओलं, ताजं शेण. घरात गाय नव्हती, गल्लीतही नव्हती. आणि प्रत्येक टोपीवर एक दाब. नख नसलेल्या, आखूड, गोल बोटाचा.

"विलासभाऊंनी लावल्या असतील," मनीष म्हणाला. पण तो काड्यांच्या फार जवळ गेला नाही.

विलास दात घासत आला. "म्या? सकाळच्या पारी शेनात हात घालायला मला काय येड लागलंय व्हय, वैनी?" हसत तो वाकला. एका काडीवर गौतमीच्या हिरव्या दोऱ्याचा तुकडा होता, पिशवीचं तोंड बांधलं होतं त्यातला. विलासचं हसू हळूहळू थांबलं. "ती पिशवी म्या माज्या हातानं गाडीत टाकली. सोमवारी." ब्रश तोंडात तसाच ठेवून तो घरात गेला आणि पुढे कितीतरी दिवस मागच्या बाजूला फिरकला नाही.

रविवारी रंभाबाई काळा चष्मा लावून परत आल्या. गौतमीने त्यांना खुर्चीवर टेकूही दिलं नाही. सगळं सांगितलं: सात पानं, नऊ फांद्या, कचऱ्याची गाडी, सगळं. नवस तेवढा सांगितला नाही. बोललेला नवस फेडेपर्यंत उच्चारू नये.

रंभाबाई काठी टेकत मागे गेल्या, दगडावर बसल्या आणि हात पुढे करून पहिल्या काडीची टोपी चाचपली. बोट त्या खळग्यात ठेवलं. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या.

"गौतमे…"

"काय आजी?"

"हळू बोल." बोट त्यांनी खळग्यातून काढलं नाही. "अंगठा हाय हा. अक्काचा… शेनी थापायची ना, परत्येक शेनीवर असाच उठायचा. आमी हसायचो तिला…"

मग एकाएकी त्यांनी काठी आपटली आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाल्या, "म्या तीन डाव काड्या लावल्या तवा कुटं गेली व्हतीस गं? तवा न्हाई आली! आता परक्या पोरीसाठी बरी आलीस!"

"च्च," असा आवाज आला.

दोघींनी ऐकला. गौतमीने रंभाबाईंचा हात धरला. रंभाबाई मात्र चष्म्याखालून गालावर पाणी ओघळत असताना हसत होत्या. "बघ," त्या म्हणाल्या, "अजून तश्शीच हाय."

पुढचे दिवस गौतमीने त्या काड्यांपाशी काढले. चंद्रकांतकाका फोनवरून सांगायचे तसं करायची. हलवून बघायचं नाही, मूळ फुटलंय का म्हणून उपटायचं तर मुळीच नाही, पाणी फक्त ओल राहण्यापुरतं. शेणाची टोपी त्यांनीच वाखाणली. "कुणी शिकवलं तुम्हाला? आता कुणी करत नाही हो हे." गौतमी म्हणाली, "घरातल्या मोठ्या बाई आहेत एक."

मार्गशीर्षात चार काड्या वाळल्या. पौषात आणखी चार. संक्रांतीला एकच उरली, तिला दोन डोळे फुटले होते, आणि गौतमीने तिळगूळ आधी तिच्यापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी ती पत्र्याच्या डब्यात हलवली, मुळाभोवतीच्या मातीसकट. तिसऱ्या दिवशी जेसीबी आला. जुनं झाड तोवर पुरतं काळं पडलं होतं. पण मुळं वर आली तेव्हा अख्ख्या वस्तीवर असा वास सुटला की जेसीबीवाल्याने मशीन बंद करून विचारलं, "हितं अत्तर पुरलं व्हतं काय?" न्हाणीचा दगड रंभाबाईंनी पुढच्या अंगणात आणवला. विलास कुरकुरला, "आई, दगड कशापायी?" त्या म्हणाल्या, "ती बसंल कुटं मग?"

फाल्गुनात त्या एवढ्याशा रोपाला कळी आली. एकच.

चंद्रकांतकाका स्वतः पुण्याहून एस.टी.ने आले, खिशात भिंग घेऊन. अंगणात उकिडवे बसले. काट्यांचा बाक बघितला, देठाची लव बघितली, उमललेल्या फुलाच्या पाकळ्या न तोडता काडीने एकेक बाजूला करत मोजल्या. फिकट गुलाबी, मधे बटणासारखी घट्ट मिटलेली. मग डोळे मिटून हुंगलं आणि कितीतरी वेळ उघडलेच नाहीत.

"अत्तराच्या गुलाबाच्या नात्यातला आहे," ते शेवटी म्हणाले. "पण तो नव्हे. एडवर्ड जातीचा म्हणावा तर पाकळ्या जुळत नाहीत. चाळीस वर्षं गुलाब बघतोय, हा पाहिला नाही. याचं गाव धरणात, याची बाकीची भावंडंही धरणात. नाव मला सांगता येणार नाही, ताई. घरात काय म्हणता?"

"अक्का," रंभाबाई म्हणाल्या.

काकांनी खिशातून पट्टी काढली, तिच्यावर 'गंगू-अक्का' लिहिलं आणि डब्याला बांधली. उठताना मात्र ते मानेमागे हात फिरवत म्हणाले, "तुमच्याकडे खोबरेल तेल सांडलंय का कुठे?"

तो दिवस शुक्रवारचा होता. फूल एक आणि मागणारे दोघे. "देवीला वाहा गं," रंभाबाईंनी आतून सांगितलं. "अक्कानं जल्मभर पयलं फूल देवालाच घातलं." गौतमी देव्हाऱ्यापुढे बसली. ज्या देवीने आजवर सांभाळलं तिच्या वाट्याचं फूल दुसऱ्या कुणाला द्यायचं, आणि तेही एका गेलेल्या बाईला! पण नवस मोडला तर झाड जगेल का? आणि त्याहून मोठं म्हणजे, जिने सगळ्या गावाला सजवलं तिला पुन्हा एकदा रिकाम्या हाताने परत पाठवायचं?

"आई," ती देवीला म्हणाली, "तुझं फूल मी बोलून बसलेय. राग माझ्यावर काढ, त्या झाडावर नको."

तिन्हीसांजेला तिने अंगणातला दगड पुसला. त्यावर फूल ठेवलं, शेजारी नवी फणी, तेलाची वाटी. कुंकवाचा करंडा ठेवताना हात अडखळला. मग तोही ठेवला, झाकण उघडून. "अक्का, घरात कुणी काही म्हणणार नाही. माळा." आणि मागे न बघता आत येऊन दार लावलं.

सकाळी फूल उंबऱ्यावर होतं.

कोमेजलं नव्हतं. पण एका बाजूच्या पाकळ्या चेपल्या होत्या. रात्रभर केसात राहिलेलं फूल सकाळी काढावं, तसं. त्याला तेलाचा वास होता, देठाला एक केस गुंडाळलेला. लांब, काळाभोर. चौदा वर्षांच्या मुलीचा असतो तसा. वाटीतलं तेल निम्म्यावर आलं होतं.

माळलेलं फूल देवाला चालत नाही, हे गौतमीला तुमच्या-माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी ते तिने देवीच्या उजव्या खांद्यावर ठेवलं आणि डोळे मिटले. ठेवलेलं फूल उजवीकडून खाली आलं तर देवाचा होकार, डावीकडून आलं तर नकार. आरती संपेपर्यंत ते हललं नाही. शेवटची घंटा थांबली आणि फूल उजव्या अंगाने, अगदी सावकाश, तिच्या ओंजळीत आलं.

रोप आता छातीएवढं झालंय. नव्या फांद्या सातपानी निघतात, गौतमी त्यांना हात लावू देत नाही. दर फाल्गुनात पहिलं फूल दगडावर जातं, सकाळी उंबऱ्यावर येतं, मग देवीच्या खांद्यावर.

गेल्या भाद्रपदात रंभाबाई गेल्या. झोपेतच, शांतपणे. खोलीत गुलाबाचा वास होता, आणि त्या दिवसांत झाडाला एकही फूल नव्हतं.

या फाल्गुनातही गौतमीने दगडावर फूल ठेवलं. सकाळी ते उंबऱ्यावर होतं, चेपलेलं, तेलकट. पण देठाला या वेळी केस गुंडाळलेला नव्हता. देठाभोवती एक बारीकशी वेणी होती, दोऱ्याएवढी, नीट घट्ट घातलेली. तिने उजेडात धरून पेड मोजले. एक काळा. एक पांढराशुभ्र. वेणीला तीन पेड लागतात.

तिसरा केस तांबूस होता, टोकाकडे मेंदीचा रंग उतरलेला. घरात मेंदी लावणारी एकटी गौतमी. आदल्या रात्री ती दाराला कडी लावून झोपली होती, आणि सकाळी उठून कडी तिने स्वतःच्या हाताने काढली होती.

तिने ते फूल देवीच्या खांद्यावर ठेवलं. या वेळी ते खाली आलेलं नाही, ना उजवीकडून, ना डावीकडून. आज आठ दिवस झाले, तिथेच आहे, ताजं.

म्हणून तुम्हाला एवढंच मागणं. तुमच्याही घरात अशी कुणी होऊन गेली असेल, जिने दुसऱ्यांच्या डोक्यात फुलं माळली आणि स्वतःच्या नाही. तिचं नाव विचारून ठेवा. तिने लावलेलं झाड असलं तर सात पानं बघून कात्री उचलू नका. आणि पहिलं फूल आलं की एक संध्याकाळ तिच्यासाठी ठेवा, फणी ठेवा, तेल ठेवा. देव रागावत नाही. मग कधी दिवेलागणीला पाठीवरची वेणी हलकेच उचलली गेली, तर मान वळवू नका. तिचं माळून होऊ द्या.